जायफळाचं सिरप आणि पुण्याची बदली

कॉफी प्यायली की झोप उडते, असा जगाचा समज आहे. आमच्या गुडगावच्या घरात तो एका रविवारी दुपारी कायमचा मोडीत निघाला.

तेव्हाचं गुडगाव म्हणजे काचेच्या चकचकीत इमारती आणि त्यांच्यामधून निवांत रस्ता ओलांडणाऱ्या म्हशी. आमच्या सोसायटीसमोर मॉल उभा राहिला आणि त्यात कॉफीचं दुकान आलं. कपात कॉफी थोडी, फेस फार आणि वरून कसलंसं सिरप! (बिल पाहिल्यावर फेस आपल्याही तोंडाला यायचा.)

मी मृणालला, म्हणजे बायकोला, म्हणालो, "सिरप म्हणजे काय गं? पाकच की! गुलाबजामला करतो तोच. उद्यापासून घरी करायचं."

"करतो म्हणजे? कोण करतं?" मृणालने विचारलं.

म्हणून मग मीच केलं. पहिला प्रयोग कॅरॅमलचा. त्यात चमचा असा काही अडकला की शेवटी पातेल्यासकट कबाडीवाल्याला द्यावा लागला! दुसरा व्हॅनिलाचा. त्यात इसेन्स इतका सांडला की लिफ्टमध्ये एक बाई मला हुंगून म्हणाल्या, "आपके यहाँ बर्थडे है क्या?" पण मी हरणारा नव्हतो. आपण मराठी माणसं, कॉफीत जायफळ घालणारी! जायफळाचं सिरप करायचं ठरलं आणि ऑफिसात मी त्याची इतकी जाहिरात केली की आमचे खन्नासाहेबच म्हणाले, "संडे को आता हूँ, मिसेस को लेके."

मी हादरलोच. कारण कंपनीचं पुण्याला नवं ऑफिस निघत होतं आणि तिथे कोणाला पाठवायचं हे खन्नासाहेब ठरवणार होते. मृणालला पुण्याला जायचंच होतं. दिल्लीच्या उन्हाळ्याला ती विटली होती, माहेरच्या आठवणीने फोनवर रडायची. मनातल्या मनात तिने कोथरूडच्या फ्लॅटला पडदेसुद्धा लावले होते!

रविवारी सकाळी मी सहाण घेऊन बसलो. एका कपाला जायफळाचे दोन वेढे, तर बाटलीभर सिरपला किती? अख्खं जायफळ उगाळलं. वास बेताचा वाटला, म्हणून दुसरं घेतलं.

"अहो, पुरे! जायफळाने झोप येते. बाळांना गुटीत देतात ते कशासाठी?"

"खन्नासाहेब बाळ आहेत का?" मी म्हणालो आणि पुन्हा एकदा चमचाभर चाखून पाहिलं.

खन्ना पती-पत्नी छोले-भटुरे हाणूनच आले. मिसेस खन्नांना कॉफी चालत नव्हती. साहेबांनी मात्र घोट घेतला आणि डोळे मिटले. "वाह, देशपांडे! क्या चीज़ है यार! और डालो!" मग त्यांनी माझ्या हातातून बाटलीच घेतली. भटुऱ्यावर लोणी घ्यावं तशा सढळ हाताने सिरप ओतलं, आणखी एक कप झाला, आणि पाय लांब करून ते म्हणाले, "हाँ, तो पुणे के लिए मैं सोच रहा हूँ कि..."

मृणाल दारातच थबकली. मी खुर्चीच्या टोकाला आलो.

"...कि..."

आणि साहेबांची हनुवटी छातीवर टेकली!

"अहो! गेले की काय?" मृणाल कुजबुजली.

"घोरतायत. गेलेला माणूस घोरत नाही." मी साहेबांच्या कानाशी वाकलो. "सर? सर?"

"खबरदार, कोई उठाना मत!" मिसेस खन्ना माझ्या अंगावरच आल्या. "महीनों से ये सोए नहीं हैं! रात भर घर में चक्कर काटते हैं!"

झालं! आम्ही आमच्याच घरात चवड्यांवर चालायला लागलो. फोन काढून ठेवला. कुकर बंद केला. खाली भाजीवाला ओरडला, तर मिसेस खन्नांनी बाल्कनीत धावत जाऊन त्याला दटावलं. मी साहेबांवर नजर ठेवायला शेजारी बसलो, आणि सकाळपासून चाखलेलं सगळं सिरप माझ्याही पापण्यांवर चढलं. मृणाल सांगते की मी साहेबांच्या खांद्यावर डोकं टेकून त्यांच्याहून मोठ्याने घोरत होतो. मला काही आठवत नाही, देवाची कृपा!

दिवेलागणीला साहेब उठले. चेहरा असा टवटवीत, की मिसेसचे डोळेच भरून आले. साहेबांनी मला मिठी मारली.

"देशपांडे, मैं तो तुम्हें पुणे भेजने का सोचके आया था!"

मृणालच्या चेहऱ्यावर दिवाळी.

"लेकिन अब बिल्कुल नहीं भेजूँगा! तुम चले गए तो संडे को मैं सोऊँगा कहाँ?"

पुण्याला आमच्या ऑफिसातला तिवारी गेला. त्याने साहेबांना घरी नुसतं फ्रिजमधलं पाणी पाजलं होतं. साहेब मात्र रिटायर होईपर्यंत दर रविवारी आमच्या सोफ्यावर झोपले, आणि आम्ही आजही गुडगावातच आहोत. कोणी विचारलं, "पुण्याला का नाही गेलात हो?" तर मृणाल माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "यांच्या हाताला चव आहे ना, म्हणून!"