लेण्याच्या दारातली रांगोळी

शनिवारी आम्ही दोघं नवराबायको लेण्यावर गेलो ते शेवटचं. तिनं पुढचं अंगण झाडलं, मी खालच्या झऱ्यावरून कळशी भरून आणली, तिनं सडा मारला आणि उकिडवी बसून रांगोळीचे ठिपके मांडायला लागली. मी पायरीवर बसून सुपारी कातरत होतो.

"सोमवारी गर्दी व्हईल," ती म्हणाली. "पहाटंच यावं लागंल. तुम्ही नाय उठला तर मी एकटी येते."

"एकटी येऊन काय करशील? कळशी कोण उचलंल?"

"तेवढ्यासाठीच तर आणते तुम्हाला."

आमचं गाव वेरूळच्या अलीकडं. वेरूळला मोठी लेणी, तिथं तिकीट आहे, पहारेकरी आहेत. आमच्या गावामागच्या डोंगरात एक लहान लेणं आहे, त्याला काही नाही. एक ओसरी, दोन खोल्या आणि मागच्या भिंतीवर हात जोडून बसलेली एक बाई कोरलेली. तिच्या हातातल्या बांगड्या अजून मोजता येतात. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला आलेले लोक दर्शन उरकलं की उरलेला दिवस काढायला इकडं चढतात. कुणाच्या हातात खिळा असतो, कुणाच्या गाडीची किल्ली. अशाच एका सोमवारी कुणीतरी त्या बाईच्या गुडघ्यावर बदाम कोरून त्यात बाण घातला. तो बघितला आणि आमच्या हिनं डोंगर धरला तो धरलाच.

शहरातली काही मंडळी सुट्टीच्या दिवशी यायची, जुनं जपणारी, पदरचं खाऊन राबणारी. त्यांनी शिकवलं की कोळशानं लिहिलेलं मऊ ब्रशानं आणि साध्या पाण्यानं निघतं, साबण लावायचा नाही, ॲसिड तर नाहीच. कोरलेलं मात्र निघत नाही. मी गेलो, माझा लहानपणापासूनचा दोस्त आला. तो गवंडी, मुसलमान, उर्दू वाचणारा. एका खांबावर उर्दूत जुनं काहीतरी खरडलेलं होतं. मला वाटलं मोठा लेख असेल. त्यानं वाचलं आणि हसायला लागला.

"क्या लिखा है?"

"फलाना यहाँ आया था. आज के गधे मराठी में लिखते, निजाम के गधे उर्दू में लिखते थे. बस इत्ताच फरक."

आम्ही पाटी लावली, नावं कोरू नका म्हणून. थोड्या दिवसांत पाटीवरच नावं आली. तारेचं कुंपण केलं, ते कुणीतरी शेताला नेलं. तेव्हा ही म्हणाली, "पाटी वाचतंय कोण? दारात रांगोळी घाला. राबत्या घरात कुणी खिळा घेऊन शिरत नाय." आम्ही हसलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी रांगोळीचा डबा घेऊन वर गेली.

खरंच लोक थबकायला लागले. न सांगता चपला काढायला लागले. पण घरी काढायची तशी तिनं तिथं लक्ष्मीची पावलं काढली, गोपद्म काढलं, आणि आठवड्याच्या आत तिथं नारळ आला, उदबत्त्या आल्या, आणि एका भाविकानं भिंतीवरच्या बाईच्या कपाळाला तेलातला शेंदूर थापला. शहरातल्या मंडळींनी डोकं धरलं, तेल दगडात मुरतं म्हणून. ही तो नारळ घेऊन खाली आली, गावात फोडला आणि सगळ्यांना वाटला.

"मी देऊळ करून बसले," ती म्हणाली. "देऊळ नको, घर पायजे."

मग पावलं बंद, हळदकुंकू बंद, दिवा तर नाहीच. लेण्याच्या दगडाला हात लावायचा नाही. कपारीखालची मातीची पट्टी पावसात कोरडी राहते, तिथं नुसते पांढरे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. बाजूला झाडू उभा, त्याच्याजवळ भरलेली कळशी. घरची बाई आत्ताच आत गेलीय असं वाटायला पाहिजे, हा तिचा हिशेब. त्यानंतर तीन-चार श्रावण गेले, आणि भिंतीवर नवीन ओरखडा उठला नाही.

रविवारी दुपारी ती भाजी निवडत होती. छातीत जड वाटतंय म्हणाली. मी जीप आणायला पळालो. जीप दारात लागली तेव्हा ती गेलेली होती. माझी बहीण कन्नडहून आली आणि दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. आम्हाला लेकरू नाही. अग्नी मीच दिला.

सोमवारी उजाडताना मी उठलो. चूल बंद होती, शेजारून चहा आला, तो प्यालो. कोनाड्यातला रांगोळीचा डबा काढला. बहीण उंबऱ्यात बसलेली.

"दादा, घरात सुतक हाय. दारात रांगोळी नाय घालायची, अन् तू डबा घेऊन कुठं निघाला?"

"डोंगरावर."

"लोक भेटायला येतील. काय सांगू त्यांना?"

"डोंगरावर गेला म्हणून सांग."

"सुतकात रांगोळीला हात लावतो? लोक तोंडात शेण घालतील."

"सुतक आपल्या घराला हाय. त्या भिंतीवरच्या बाईला कशाचं सुतक? आज गर्दी हाय. आज दार उघडं पडलं तर पुन्हा ते मोकाट व्हईल."

तिनं पाय मागं घेऊन मला वाट दिली.

दोस्त वाटेवर थांबलेला होता. मला न विचारता त्यानं कळशी उचलली. वर जाऊन मी झाडलं, त्यानं सडा मारला. रांगोळी काही जमेना. जन्मभर मी खडीच्या मशीनवर दगड फोडले, ही बोटं जाड. चिमटीतून ठिपका पडायच्या ऐवजी ढीग पडायचा. दोनदा पुसलं. दोस्त बघत राहिला, मग त्यानं पिशवीतून गवंड्याचं सूत काढलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं त्यानं धरलं. सुताच्या कडेनं मी ठिपके टाकत गेलो. सूत सरकवलं, दुसरी ओळ टाकली. रेघा ओढून झाल्यावर आम्ही उठून बघितलं.

"पाया आखल्यासारखं दिसतंय रे," मी म्हणालो.

"भाभी देखती तो दोनों को हकाल देती."

झाडू तिच्या जागेवर उभा केला. कळशी भरून ठेवली.

ऊन कपारीला लागलं तेव्हा पहिलं टोळकं चढून आलं. पुढच्याच्या बोटात गाडीची किल्ली फिरत होती. रांगोळीजवळ ते थांबले.

"काका, इथं कोणी राहतं का?"

"राहतं. चपला तिथं काढा."

त्यानं किल्ली खिशात टाकली. चपला काढल्या, सगळे आत गेले. मी पाठोपाठ जाऊन दारात उभा राहिलो. त्यांनी बाई बघितली, हळू आवाजात काहीतरी बोलले आणि बाहेर आले. जाताना एकाचा पाय कडेच्या ठिपक्यावर पडला. ते उतरून गेल्यावर मी डबा उघडला, खाली बसलो आणि तो ठिपका पुन्हा भरला. खालून दुसऱ्या जीपचा आवाज येत होता.