दुर्री टाकायची नाही

गणपतरावांच्या स्कूटरची किल्ली दिवाळीपासून शालूबाईंच्या बटव्यात होती.

कारणं दोन. राजारामपुरीत चाळीस वर्षं राहिलेला हा माणूस एका संध्याकाळी सहाव्या गल्लीतल्या आपल्या घराकडे वळायचं सोडून आठव्या गल्लीत शिरला. त्याच आठवड्यात भाजीच्या गाड्यापाशी एका अनोळखी गृहस्थाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय चन्नाप्पा, कवा आलास?" गृहस्थ म्हणाले, "पावणं, त्यो मी न्हवं."

शालूबाईंनी वाद घातला नाही. गडमुडशिंगीला थोरले दीर केरबा यांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी त्यांना पोटचा मुलगा ओळखता येत नव्हता. नवऱ्याच्या हातातली किल्ली त्यांनी काढून घेतली, एवढंच.

गणपतराव एकाहत्तर वर्षांचे. एका फौंड्रीत तीस वर्षं तपासणीला होते. कास्टिंग, म्हणजे ओतलेला लोखंडी भाग, हातात घ्यायचं, फिरवून बघायचं आणि खराब निघालं तर खडूनं फुली मारायची. आता घरातले सगळे आपल्यालाही तसंच फिरवून बघतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. केरबाची आठवण त्यांनाही येत होतीच.

ओळखीचे डॉक्टर म्हणाले, डोक्याला काम द्या. सून तेजस्वीनं टॅबवर व्हिडिओ पोकर घालून दिला. नुसता सरावाचा, गुणांवर चालणारा. समोर दुसरा खेळाडू नाही. मशीन पाच पानं देतं, हवी ती ठेवायची, बाकीची एकदाच बदलून घ्यायची. तीन सारखी किंवा त्याहून चांगलं काही जमलं तर गुण. या प्रकारात दुर्री म्हणजे जोकर, वाटेल त्या पानाची जागा घेणारी. चुकीचं पान ठेवलं की मशीन लाल खूण दाखवायचं.

गणपतरावांनी पहिल्याच डावात दुर्री टाकली.

"अवो, टाकलासा की!" शालूबाई मागून ओरडल्या. "आत्ता सांगितलं तिनं, आत्ता इसरलासा!"

"इसरलो न्हाय. हातानं टाकली."

ते खरंच होतं. त्यांचं आयुष्य तीन-दोन-पाच खेळण्यात गेलेलं. त्या खेळात दुऱ्या-तिऱ्या वाटायच्या आधीच काढून ठेवतात. साठ वर्षं जे पान बाजूला काढलं, ते आता राजाहून मोठं मानायचं होतं. पण शालूबाईंच्या लेखी तो आणखी एक पुरावा ठरला.

तेजस्वीनं दुसरा नियम सांगितला. "मामा, दोन जोड्या आल्या तर एकच ठेवायची. दुसरी टाकायची."

"चांगला माल टाकायचा?"

"दोन जोड्यांना गुणच नाहीत. एकच ठेवली तर तीन पानं बदलून मिळतात, मग तीन सारखी, चार सारखी व्हायला वाव राहतो. पण आधी गुणांचा तक्ता बघायचा. तीन सारखी आणि दोन सारखी असा मेळ जमला तर आपल्या मशीनला तीन गुण आहेत. चार असते तर दोन्ही जोड्या ठेवल्या असत्या."

तक्ता आधी वाचायचा, ही गोष्ट गणपतरावांना पटली. एकट्या एक्क्याला काही किंमत नाही, हे पटायला मात्र चार दिवस गेले. मग त्यांनी वही काढली आणि फौंड्रीतल्यासारखे रकाने आखले. नुसत्या चुका मोजायच्या नाहीत, कारणानुसार वेगळ्या करायच्या. पहिल्या आठवड्यात शंभर डावांत तेवीस चुका निघाल्या. दुर्री टाकली, नऊ. दोन्ही जोड्या ठेवल्या, पाच. एक्का धरून बसलो, तीन. काळी पानं, सहा.

चौथ्या आठवड्यात पहिले तिन्ही रकाने कोरे होते. काळ्या पानांचा रकाना मात्र सातावर गेला होता. पाचही पानं एकाच प्रकारची करायची म्हणून त्यांनी चार किलवर ठेवावीत आणि त्यातलं एक इस्पिक निघावं. सातही वेळा हेच. बदाम-चौकटीत एकदाही नाही.

फौंड्रीत सगळा माल एकाच जागी खराब निघू लागला, तर ते ओतणाऱ्याला बोल न लावता साचा बघायला जायचे. त्यांनी डावा डोळा हातानं झाकला. इस्पिक आणि किलवर, दोन्हींचा एकच काळा ठिपका झाला.

"शालू, हिकडं ये."

"आता काय टाकलासा?"

"काय न्हाय. वही बघ. डोकं चुकत असतं तर सगळ्या रकान्यांत चुकलं असतं. हे डोळ्याचं हाय. आणि त्यो गाड्यावरचा चन्नाप्पाबी डोळ्याचाच, आठवी गल्लीबी."

शालूबाईंना रकाने कळले नाहीत. पण त्या त्याच दुपारी त्यांना रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्यातला पिकलेला.

"मागंच सांगाय येत न्हवतं, दिसत न्हाय म्हणून?" परत येताना त्या म्हणाल्या.

"सगळ्यास्नी तसंच दिसतंय वाटलं."

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. महिन्याभरानं शालूबाईंनी बटवा उघडला आणि किल्ली टॅबशेजारी ठेवली. गणपतरावांनी ती त्यांच्याकडे सरकवली.

"राहू दे. डावा झाल्यावर बघू."

"आणि केरबा भावजींसारखं…" किल्ली परत बटव्यात टाकत त्या म्हणाल्या.

"ते झालं तर वहीत दिसंल की. रकाना आखलाय."

त्यांनी वही उलटी करून दाखवली. शेवटचा रकाना कोरा होता, त्याला नावही दिलं नव्हतं. शालूबाई आणखी काही विचारणार होत्या, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"थांब जरा. दुर्री आलीया."

त्यांनी दुर्री ठेवली आणि बाकीची चार टाकली.