तहाची तारीख

गेल्या तीस वर्षांत नेदरलँड्समधल्या मराठी घरांत जेवढे तह झाले आणि टिकले, ते सगळे माझ्या चुलतसासऱ्यांनी केले, असं मी म्हटलं तर हूफडॉर्पपासून बुइटनव्हेल्डर्टपर्यंत कुणी हरकत घेणार नाही. ते कांद्याच्या बियाण्यावर संशोधन करायला साताऱ्याहून वाखनिंगनला आले, निवृत्त झाले, एकटेच राहिले, आणि या फेब्रुवारीत गेले. लोकांना त्यांचं बियाणं आठवत नाही, तह आठवतात.

याला कारण आमचं गाव. या देशातलं पाच वर्षांचं महायुद्ध संपवण्याची बोलणी वाखनिंगनच्या एका हॉटेलात झाली, आणि काकांना त्याचा असा अभिमान होता की जणू चहापाणी त्यांनीच बघितलं होतं. पुण्यामुंबईहून ट्यूलिप बघायला आलेला पाहुणा आधी त्या हॉटेलासमोर उभा केला जाई. वारा कानात शिरतोय, पाहुण्याच्या पोटात सकाळचा अर्धा टोस्ट, आणि काका सांगताहेत, "युद्धात पडायला या देशाला एक पहाट पुरली. तटस्थ होते बिचारे. पहिल्या महायुद्धात तटस्थ राहून निभावलं, वाटलं याही वेळी निभावेल. पहाटे जर्मन विमानं आली, पाच दिवसांत खेळ संपला. पण संपवायला? पाच वर्षं! आणि शेवटी सगळे सेनापती जमले, तर मसुदा टाइप करायला यंत्र नाही! सही दुसऱ्या दिवशी झाली." मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते, ऐकलेलं तपासून बघण्याची मला खोड आहे. बहुतेक सगळं खरं निघालं. यंत्राची गोष्ट पुस्तकांत 'असं म्हणतात' म्हणून येते. काकांच्या तोंडी ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी येई.

त्या यंत्राची खंत त्यांनी इतकी मनाला लावून घेतली की जुन्या बाजारातून एक टाइपरायटर आणला आणि जाहीर केलं, "आपल्या माणसांत यंत्रावाचून तह अडणार नाही." मग कुठेही भांडण झालं की काका ते धूड सायकलच्या मागच्या पिशवीत घालून स्टेशनवर, तिथून ट्रेनने भांडणाच्या गावी. अक्षरं रोमन, मजकूर मराठी. दोन्ही पक्षांनी कलमं मोठ्याने वाचायची. रोमन लिपीतली मराठी मोठ्याने वाचताना माणसाला राग टिकवणं कठीण जातं, हे त्यांच्या यशाचं निम्मं रहस्य असावं. उरलेलं निम्मं म्हणजे त्यांचा एक नियम : सही त्या दिवशी करायची नाही. मसुदा आज, सही उद्या. "मध्ये एक झोप पाहिजे, सूनबाई. झोपेतून उठल्यावरही पटला तर तो तह. नाहीतर ती नुसती दमणूक."

हूफडॉर्पच्या एका जोडप्याचं प्रकरण आमच्याकडे अजून सांगितलं जातं. नवऱ्याने मुलांना पुढच्या पेटीत बसवून न्यायची ती लांबलचक सायकल बायकोला न विचारता घेतली. ती आठ दिवस बोलेना. काका यंत्रासकट पोचले, सायकलीभोवती एक फेरी मारली आणि नवऱ्याला म्हणाले, "हा शुद्ध व्हाइसरॉयपणा आहे."

"म्हणजे काय, काका?"

"एकोणचाळीस साली दिल्लीतल्या साहेबाने सांगून टाकलं, हिंदुस्थान युद्धात उतरला. हिंदुस्थानला विचारलं कुणी? आता ही एवढी गाडी रोज शाळेपर्यंत रेटणार कोण?"

"मी," बायको म्हणाली.

"मग? सैन्य हिचं आणि घोषणा तुझी!"

पहिलं कलम तेच झालं : यापुढे घोषणेआधी सैन्याला विचारावं. तो कागद अजून त्यांच्या फ्रिजवर आहे.

तटस्थ माणसाचा तर त्यांना भारी राग. सासूबाईंचं आणि माझं फोनवर एकदा काहीतरी बिनसलं, तेव्हा माझा नवरा लॅपटॉपमागून म्हणाला, "मी कुणाच्याच बाजूचा नाही हं." काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "अरे, तू राहतोस कुठल्या देशात? तटस्थाच्याच दारात पहाटे विमानं येतात!" आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिने खिडकीतून वर आकाशात बघितलं आणि डचमध्ये विचारलं, "बाबासाठी येणार?" ती मराठी सगळं समजते, उत्तरं मात्र डचमध्ये देते. काकांनी तिलाही डचमध्ये गंभीरपणे सांगितलं, की बाबा आत्ता आजीला फोन करेल, मग नाही येणार. त्याने केला.

पण एवढ्या या तहवाल्याचा एक तह कधीच झाला नाही, आणि तो त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. साताऱ्याला ते इतिहास शिकवत. या दोघांचे वडील त्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले होते. ते गेल्यावर गावाने शाळेच्या फाटकावर त्यांचं नाव लावायचं ठरवलं, आणि बाबांनी भर सभेत उठून सांगितलं, "परक्याच्या युद्धात परक्यासाठी लढलेल्याचं नाव शाळेवर नको. मग तो माझा बाप असला तरी." पाटी लागली नाही. काकांनी वडिलांची पदकं चहाच्या पत्र्याच्या डब्यात भरली, ती इकडे आणली, आणि बावीस वर्षं भावाशी एक शब्द बोलले नाहीत.

म्हणजे सरळ बोलले नाहीत. दर रविवारी मी साताऱ्याला फोन लावला की शेवटी बाबा विचारायचेच, "काय म्हणतोय तुमचा तहवाला?" आणि संध्याकाळी काका आले की टोपी काढायच्या आत विचारायचे, "मास्तरांचा गुडघा कसा आहे?" मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, तुमचं यंत्र एवढ्या लोकांच्या उपयोगी पडतं, एक कागद साताऱ्यासाठीही घाला की." ते हसले. म्हणाले, "घालतो गं. दर महिन्याला घालतो. सकाळी उठून वाचतो, आणि फाडतो. झोपेनंतर टिकत नाही." मग दाराशी जाऊन चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता, "त्याचं चूक नाही. विचारलं नव्हतंच कुणी आमच्या वडिलांना. पण म्हणून ते वाईट लढले का?"

काका गेल्यावर त्यांचं घर आवरायला मीच गेले. यंत्रात कागद होता. खाली त्यांची सही होती, म्हणजे हा मसुदा झोपेनंतर टिकला होता. दुसऱ्या सहीची जागा आणि तारीख कोरी. मी कागद काढला नाही. रविवारी बाबांना फोनवर एवढंच सांगितलं, की यंत्रात तुमच्या नावाचं काहीतरी आहे. पलीकडून कागद-पेन शोधल्याचा आवाज आला. मग, "व्हिसाला काय काय लागतं?"

सत्त्याहत्तराव्या वर्षी, तो गुडघा घेऊन, बाबा मेच्या पाच तारखेला वाखनिंगनला पोचले. त्या दिवशी आमच्या गावात मुक्तीचा उत्सव असतो. घराघरावर झेंडे, रस्त्यांवर बँड. बाबा त्या हॉटेलासमोर काठी टेकून थांबले. "सही सहा तारखेला झाली म्हणतेस ना?"

"हो."

"मग उत्सव पाचला का?"

"बोलणी पाचला झाली, बाबा. लोकांनी तेव्हाच संपलं असं धरलं."

"हं," ते म्हणाले. वर्गात चांगलं उत्तर आलं की असंच म्हणत असावेत.

काकांच्या घरी ते यंत्रासमोरच्या खुर्चीत बसले आणि रोमन अक्षरांतली मराठी मोठ्याने वाचू लागले. मी सांगितलं नव्हतं मोठ्याने वाचायला. कलम एक : वडिलांना कुणीही विचारलं नव्हतं, हे दोन्ही पक्षांना मान्य. कलम दोन : तरीही ते नीट लढले, हे दोन्ही पक्षांना मान्य. कलम तीन : पदकं एक वर्ष थोरल्याकडे, एक वर्ष धाकट्याकडे. मी पेन पुढे केलं.

"आज नको," ते म्हणाले. "त्याचा नियम आहे ना? झोप होऊ दे."

सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ते परत त्याच खुर्चीत बसले. सही केली. शिक्षकाची सही, प्रत्येक अक्षर सुटं. डबा उघडून पदकं एकेक करून धोतराच्या सोग्याने पुसली, आणि परत डब्यात ठेवली.

"या वर्षी माझ्याकडे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी मेमध्ये आणून देईन. त्याचं वर्ष तुझ्याकडे राहू दे." मग पेन तारखेच्या कोऱ्या जागेवर धरलं आणि माझ्याकडे बघितलं. "तारीख कोणती घालू गं? आजची?"

"कालची घाला, बाबा," मी म्हटलं. "इथे तसंच धरतात."