सहीपुरती राणी

शेणव्याहून मी निघाले तेव्हा आई नुकतीच सरपंच झाली होती. जागा बायकांसाठी राखीव झाली आणि पंचायतीत सदस्य असलेल्या माझ्या काकांनीच तिचं नाव पुढे केलं. जीप सुरू झाली तशी ती खिडकीशी आली. "रानीच्या मुलखात चाललीस गो. कोनासमोर वाकू नको." मी हसले. इंग्लंडमधल्या हॉस्पिटलातली साधी नर्स मी. राणीचा माझा काय संबंध?

दोनेक वर्षांनी, शिफ्ट संपवून एकदा फोन लावला.

"मला उतरवली," आई म्हणाली. "अविश्वास ठराव आनला. पयला हात तुज्या काकाचा."

लहानपणी तापानं फणफणले होते तेव्हा मला खांद्यावरून शहापूरला नेणारे काका? कारण एवढंच, की पाण्याची टाकी आमच्या आळीत न बांधता आईनं डोंगरावरच्या वाडीला दिली होती.

"तुमच्या रानीला कोन उतरवतं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही. ती जन्मानंच राणी. कारभार निवडून आलेले लोक बघतात, ती नुसती सही करते."

"मलापन सहीपुरतीच बसवलेली गो. मी कारभार कराया गेले, तं उतरवली."

"मग ही कसली लोकशाही?" मी चिडले.

"हीच. उतरवलेल्याला परत उभं राहता येतं."

पुढे नवरा, मुलांची शाळा, सगळं तिथलंच झालं, म्हणून मी तिथलं नागरिकत्व घेतलं. शपथ राणीशी निष्ठेची होती, शिवाय तिच्या वारसांशीही. वारस! ज्यांना कोणी निवडलं नाही, कोणी निवडणारही नाही. शब्द तोंडातून गेले आणि आईचं "वाकू नको" आठवलं. शेजारचे लोक हसत फोटो काढत होते.

ग्रामपंचायतीच्या नंतरच्या एका निवडणुकीला मी गावी होते. आई उभी होती. मी शिकले त्याच शाळेत मतदान होतं, पण तिथलं नागरिकत्व घेतल्यावर माझं नाव यादीतून गेलेलं. मी फाटकाबाहेर थांबले. आत बघते तर मतदानाच्या रांगेत आईच्या मागे काका! "वयनी, उन्हात नका उभ्या राहू, सावलीला सरका," असं म्हणत होते. मी बघतच राहिले. ते मत तिला देणार नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं.

आई निवडून आली, या खेपेला साधी सदस्य म्हणून.

इंग्लंडात असो की गावी, घर कुठं असं कोणी विचारलं तर मला ती रांग दिसते. त्या रांगेत भांडलेली माणसं एकामागे एक उभी असतात. फक्त मला तिथं जागा नाही.