डोळ्याला आधी काही केलंय का?

"डोळ्याला आधी काही केलंय का? मार लागलाय, ऑपरेशन, लेझर, काही?"

होटगी रोडवरच्या दवाखान्यात डॉ. सुकन्या शेटे यांनी हे विचारलं, तेव्हा दानेश्वरीच्या शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा मल्लिनाथ बसला होता. दानेश्वरीनं मान हलवली.

"न्हाय की."

खोटं बोलायचं असं ठरवून ती आली नव्हती. तोंडातून निघून गेलं. डॉक्टर म्हणाल्या, "पंचेचाळिशीत एवढा मोतीबिंदू तसा लवकर झाला. कधी मोठ्या नंबरचा चष्मा होता का?"

ती काही बोलायच्या आत मल्लिनाथच हसून म्हणाला, "आमच्यात कुणालाच चष्मा न्हाय, डॉक्टर. पोरीलाच तेवढा लागलाय. कुणावर गेलीय कुणास ठाऊक!"

मग ते मागं घेता येईना.

अक्कलकोट तालुक्यातल्या खेड्यात दानेश्वरी वाढली, ती जाड भिंगांच्या चष्म्यातच. बघायला आलेली माणसं पोहे खाऊन, गोड बोलून जायची आणि चार दिवसांनी निरोप यायचा, मुलगी चांगली हाय, पण डोळ्यांचं जरा... असं दोन-तीनदा झाल्यावर वडिलांनी, नागप्पांनी, तिला पुण्याला नेऊन लेझर करून आणलं. चष्मा गेला. भिंतीवरची पाल दिसली म्हणून पोरगी आनंदानं रडली. आई नागव्वा मात्र तिला चुलीपाशी बसवून कानडीत म्हणाली, "यारिगू हेळबेड." कुणाला सांगू नकोस. पुढच्या उन्हाळ्यात लग्न ठरलं. मल्लिनाथ एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. माणूस चांगला. सांगावं असं तिला कितीदा वाटलं, पण दरवेळी आणखी एक वर्ष उलटलेलं असायचं.

जुळे सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत ती दोन बायकांना हाताशी घेऊन शाळेचे गणवेश शिवायची. गेल्या पावसाळ्यापासून निळ्या कापडावरची निळी टीप तिला दिसेनाशी झाली. बल्ब बदलून पाहिला, मशीन खिडकीपाशी सरकवलं. शेवटी सुईखाली बोट गेलं, तेव्हा मल्लिनाथनं तिला दवाखान्यात आणलं.

जानेवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. शाळेच्या कपड्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत दोन्ही डोळे उरकायचे होते. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. उजेड लख्ख आला, रंग धुतल्यासारखे झाले, पण आकार काही जुळेना. समोरची नर्स म्हणजे पांढरा डाग.

"सूज असेल," डॉक्टर म्हणाल्या. "उतरू द्या."

आठवड्यानंतरही ती डाव्या डोळ्यावर तळवा धरून कॅलेंडरसमोर उभी राहायची. लांबून तारीख लागत नव्हती. जवळ गेलं की उलट जास्तच पुसट. हातातली सुई तर नाहीशीच व्हायची. कुणी खोलीत आलं की ती तळवा खाली घ्यायची. मल्लिनाथ विचारायचा, "दिसतंय न्हवं?" ती म्हणायची, "हळूहळू येतंय की." भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना एकच विचार डोक्यात फिरायचा. त्या जुन्या लेझरनं तर हे केलं नसेल? आणि डाव्या डोळ्याची तारीख तर ठरलेली.

मल्लिनाथ कामावर गेल्यावर तिनं गावाकडं आईला फोन लावला.

"अव्वा, सांगून टाकू का?"

"आता काय सांगतीस बाई? लेझरचा आन् मोतीबिंदूचा काय संबंध?" नागव्वा म्हणाली. मग हळूच, "लई दुखतंय का?"

"दुखत न्हाय. दिसत न्हाय."



पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी नंबर काढला, परत काढला, आणि तिला दुसऱ्या खोलीतल्या एका मशीनपुढं बसवलं. पडद्यावर तिच्या डोळ्याचा रंगीत नकाशा उमटला. डॉक्टर त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग मल्लिनाथला त्यांनी खालच्या मेडिकलमधून थेंब आणायला पाठवलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"ताई, लेझर कधी केलं होतं?"

"लग्नाच्या आधी."

"तुमच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा लेझरनं मधोमध सपाट केलेला आहे. भिंगाचा नंबर काढायचा नेहमीचा हिशेब त्याला लागू पडत नाही. मी तो तसाच केला आणि आत बसवलेल्या भिंगाचा नंबर कमी पडला."

"माझा डोळा गेला का?"

"नाही. डोळा शाबूत आहे. पण हे भिंग काढून दुसरं बसवावं लागेल. तोच डोळा परत उघडायचा, म्हणजे पहिल्यापेक्षा जोखीम जास्त. नाजूक काम आहे." डॉक्टरांनी केसपेपर पुढं ओढला. "तुम्ही नाही म्हणालात, पण पडदा सपाट असल्याचं मोजमापात दिसत होतं. मलाही तेव्हाच शंका यायला हवी होती. घरी तुम्ही सांगता, की मी सांगू?"

"मीच सांगते."

मोटरसायकलवर तिला सांगता आलं नाही. घरी पोचल्यावर मल्लिनाथ बूट काढत होता आणि प्रियंका, त्यांची कॉलेजात जाणारी पोरगी, ताटं घेत होती. दानेश्वरीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पुणं, चष्मा, आईनं दिलेली ताकीद.

मल्लिनाथ एक बूट हातात धरून तसाच बसला.

"चष्म्याचं मला काय न्हाय गं," तो म्हणाला. "पर डॉक्टर विचारत हुत्या तवा मी शेजारी बसून हसत हुतो. डोळा पणाला लावलास, आन् मला सांगायला भ्यालीस?"

प्रियंकानं ताटं खाली ठेवली. "म्हणजे मी कुणावर गेले ते तुला ठाऊक होतं. सगळे मला हसायचे आणि तूही हसायचीस, आई." ती आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

नंतरचे दिवस जड गेले. मल्लिनाथ वेळेवर थेंब घालायचा, पण कामापुरतंच बोलायचा. नवं भिंग ठरवण्यासाठी डॉक्टरांनी वेगवेगळ्या पद्धतींनी हिशेब मांडले आणि ते जुळेनात. जुने कागद हवे होते, पण पुण्याचा तो दवाखाना कधीच बंद झाला होता. "अंदाजानंच जावं लागेल," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर येईल असं वचन देत नाही."

दुसऱ्यांदा ती टेबलावर झोपली. डोळा बधिर, पण कान जागे. एकदा डॉक्टर नर्सला हळू आवाजात म्हणाल्या, "थांब, थांब." दानेश्वरीनं चादर मुठीत आवळली. आता संपलं, असं तिला वाटलं. मग परत हत्यारांचा बारीक आवाज सुरू झाला.

बाहेर आली तेव्हा मल्लिनाथ बाकावर नव्हता, दारालाच टेकून उभा होता. त्यानं तिचा दंड घट्ट धरला, तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

पट्टी निघाल्यावर नर्सच्या कपाळावरची टिकली तिला दिसली. हिरवी होती. थोडा नंबर राहिलाच. संध्याकाळी समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडं दिसतं, ते अजूनही आहे. डावा डोळा डॉक्टरांनी घाई न करता उन्हाळ्यात केला. त्याही वेळी पट्टी निघेपर्यंत घरात कुणाचा घास नीट गिळला गेला नाही. तो बरा निघाला.

हंगामातलं निम्मं काम तिला दुसऱ्या शिवणवालीकडं द्यावं लागलं. उरलेलं तिनं शिवणासाठीचा नवा चष्मा लावून हाती घेतलं. दुकानात फ्रेम प्रियंकानंच निवडली, मात्र आईशी ती अजून तुटकच बोलत होती. पहिल्या शर्टाची कॉलर वाकडी बसली. दानेश्वरीनं ती उसवली, कापड सपाट केलं आणि परत सुईखाली धरलं.