वाकडा पितळी मासा

आमच्या लोणारात पाण्याला तोटा नाही, पण त्या पाण्यात मासा नाही. एवढं मोठं सरोवर गावाला खेटून, आणि ते खारं. बाहेरगावचे पाहुणे काठावर उभे राहून विचारतात, "इथं मासे केवढे असतील हो?" मी नुसता हात जोडतो. माशासाठी बीबी गावाच्या रस्त्यानं तासभर सायकल हाणून एका तळ्यावर जावं लागायचं, आणि त्या कामासाठी मी आयुष्यात कधी सायकल काढली नव्हती. मी सोनार. माझा पाण्याशी संबंध तापलेलं सोनं विझवण्यापुरता.

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली होती. सरकारनं हुकूम काढला की शुद्ध सोन्याचे दागिने घडवायचे नाहीत, बरीच भेसळ करूनच घडवायचे. आता तसला दागिना आमच्याकडे कोण घेणार? गिऱ्हाईकच बंद झालं. वडील रोज आंघोळ करून, टोपी घालून दुकानात बसायचे आणि रिकाम्या तराजूवरची धूळ पुसायचे. त्या हुकमाचा मला अजून राग येतो. पण तो राग इथं नको, त्यावर बोलायला लागलो तर मासा राहून जाईल.

त्याच वर्षी माझी बायको पहिल्यांदा गरोदर राहिली. चौथा महिना सरत आला तरी पोटात अन्न ठरेना. भात खाल्ला की मोरीकडे पळायची. वरण खाल्लं की मोरी. लिंबाचं सरबत प्याली तरी मोरी. मनगटातल्या बांगड्या वर कोपराकडे सरकायला लागल्या, आणि बांगडी कुठवर सरकते हे सोनाराला सगळ्यांच्या आधी दिसतं. मला रात्री झोप लागेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वैद्यानं मोरावळा दिला, शेजारणींनी न विचारता सल्ले दिले. शेवटी एका दुपारी माझ्या आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "सांग वं बाई, जीव कायच्यावर जाऊन राह्यला तुहा?"

ती म्हणाली, "मरळ."

तिचं माहेर पैनगंगेच्या काठचं. मरळ म्हणजे काळपट, हातभर लांब, सापासारख्या तोंडाचा मासा. शेवाळात, लव्हाळ्यात दबा धरून बसतो, जाळ्यात सहसा गवसत नाही. दसरा नुकताच झालेला, तळं काठोकाठ भरलेलं. तिथं जाळं टाकणाऱ्या भोयांना विचारलं तर म्हणाले, उन्हाळ्यात पाणी आटू द्या, मग पाहिजे तेवढी देतो. उन्हाळ्यापर्यंत थांबायला माझी बायको म्हणजे काय लोणच्याची बरणी होती?

गळानं मरळ काढणारा गावात एकच माणूस होता, आमच्या दुकानासमोरचा कल्हईवाला. सगळं गाव त्याला चाचा म्हणायचं. सत्तरीचा, दाढी पांढरीशुभ्र, हात मात्र कोळशानं कायमचे काळे. त्याचा एक नेम होता. तो स्वतःपुरता मासा धरायचा आणि कोणाला विकायचा नाही. मी गेलो तर म्हणाला, "तुह्या बायकोचे डोहाळे मी कायले पुरवू बे? तू पुरव. मी शिकवतो. सोपं आहे, जितं बेडूक गळाले लावायचं अन् पाण्यावर नाचवायचं."

आई दारातून ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, "घरात पोटुशी बाई असताना तिच्या नवऱ्यानं जित्या जीवाले टोचायचं नाही. बेडूक नाही, गांडूळ नाही, काहीच नाही."

"मग मासा कसा मारायचा?" मी विचारलं.

"तू ओढून काढ. मारतीन चाचा. त्यायची बायको कुठं पोटुशी आहे?"

"नाही भाभी," चाचा गंभीरपणे म्हणाला, "आता अल्लाची तेवढी मेहरबानी नाही."

आईनं पदर तोंडाला लावला. चाचानं मग दाढी खाजवत बराच वेळ विचार केला. तरुणपणी तो कुठल्याशा छावणीत भांड्यांना कल्हई करायचा. तिथल्या एका साहेबाजवळ त्यानं पितळेचा मासा पाहिला होता. पोटाखाली गळ लावलेला. दोऱ्यानं ओढला की पाण्यात पोहायचा, आणि खरे मासे येऊन त्यालाच धरायचे.

पितळ हा शब्द ऐकताच वडिलांनी तराजूवरून मान वर केली. कितीतरी महिन्यांनी ते आपणहून बोलले. "किती लांबीचा?"

त्या दुपारी आमची भट्टी पेटली. काय सांगू, त्या कोळशाच्या वासानंच मला निम्मं बरं वाटलं. बोटाएवढ्या पितळेच्या पत्र्याचे दोन अर्धे ठोकून घडवले, झाळून जोडले. पोकळ दागिन्यात भरतात तशी आत लाख भरली, म्हणजे तरंगायला नको. मी अंगावर खवले कोरले, एकेक, रांगेत. वडिलांनी सोनं तोलायच्या पेटीतून दोन गुंजा काढून दिल्या. गुंज लाल, वर काळा ठिपका. डोळ्याच्या जागी बसवल्या तर मासा बघायलाच लागला. मग वडिलांनी तो दोऱ्याला टांगून डोळ्यासमोर धरला. दागिना सरळ लटकला पाहिजे, केसभरही इकडे-तिकडे झुकता कामा नये, हा आमच्या दुकानाचा धर्म. झुकला तर वडील तो गिऱ्हाईकाला दाखवायचेही नाहीत, पुन्हा भट्टीत. मासा सरळ लटकला. वडील म्हणाले, "हं." हे त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आणि मी तळ्यावर. लांब वेळूची काठी, मेणात घोळलेला जाड दोरा, टोकाला माझा मासा. टाकला, ओढला. टाकला, ओढला. ऊन डोक्यावर आलं. मरळ सोडा, बेडूकसुद्धा पाहायला आला नाही. चाचा बिडी ओढत म्हणाला, "हा मासा लग्नाले चालला का बे? कसा ताठ मानेनं जाऊन राह्यला."

मला वाटलं, लहान पडला असेल. मोठ्या माशाला मोठा घास. म्हणून दुसरा वीतभर घडवला. तो पाण्यात पडला तो थेट तळाशी जाऊन चिखलात बसला, आणि ओढून काढला तेव्हा तो निघाला, पण काठीच मोडली. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. तिसरा पुन्हा लहान केला, पण म्हटलं चमक कमी पडत असेल, म्हणून त्याला चांदीचं पाणी दिलं. तो इतका सुंदर झाला की आई म्हणाली, हा तळ्यात टाकण्यापेक्षा देवापुढं ठेव. चाचाला तिन्ही दाखवले आणि विचारलं, यातला नेमका कोणता निवडू? त्यानं तिन्ही तळहातावर घेऊन पाहिले. "मले काय विचारतं? मले बेडूक समजते. हे तुम्ही सोनार लोक अन् मासे पाहून घ्या."

घरी तर मजाच सुरू झाली होती. वडील पहाटे उठून चौथ्याचे कल्ले कोरायला बसायचे. त्यांना मरळ मिळाली काय नि न मिळाली काय, हातात काम होतं. मी मात्र चिडत होतो. चार दिवस झाले आणि बायकोनं दोन घास ताकभातापलीकडे काही ठेवून घेतलं नव्हतं. चौथ्या दिवशी रिकाम्या हातानं आलो आणि सायकल भिंतीला अशी आपटली की घंटी आपोआप वाजली. बायको ओसरीवर बाजेवर पडली होती. म्हणाली, "आणा इकडं, पाहू द्या मले तुमचा मासा."

मी चांदीच्या पाण्याचा तो तिच्या हातात दिला. ती हळूच उठली, अंगणातल्या भरलेल्या टाक्यापाशी गेली, दोरा धरून मासा पाण्यात सोडला आणि ओढला. मासा या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेषेत गेला.

"अहो, हा तर मेलेला दिसते," ती म्हणाली.

"मेलेला कसा? खवले पाह्य त्याचे."

"मरळ खवले मोजते का? मी धुणं धुताना रोज पाहो नदीत. जी मासोळी नीट पोहते तिच्या नादी कोणी लागत नाही. जिले कुठं लागलं असते, जी अशी लचकत, आडवी होत पळते, तिलेच मोठा मासा धरते. बिचारीले पळता येत नाही ना."

सोनारानं कान टोचावे म्हणतात. त्या दिवशी सोनाराचेच कान टोचले गेले, तेही बाजेवर पडलेल्या बाईकडून. मी म्हणालो, ठीक, वाकवतो. आणि हातोडी घेऊन बसलो. पण खरं सांगतो, हात उठेना. सहा वर्षांचा असल्यापासून वाकडं सरळ करायला शिकलो होतो, सरळ वाकडं कसं करतात ते कोणी शिकवलं नव्हतं. हातोडी उचलायचो आणि ठेवायचो.

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग मासा उचलला, दाराच्या फटीत बिजागरीजवळ धरला आणि दार दाबलं. कर्रकन आवाज झाला. माशाची शेपटी एकीकडे वळली, पोट चेमटलं, चांदीला ओरखडा पडला.

त्या आवाजानं वडील दुकानातून आत आले. आमच्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नसे, जे काय असेल ते आईमार्फत. त्यांनी मासा उचलला, दोऱ्याला टांगला. तो एका कुशीवर झुकला आणि तिरकाच लोंबत राहिला. वडील आईला म्हणाले, "हे काम माह्या दुकानातून बाहेर गेलं असतं तर मी दुकान बंद केलं असतं."

"बंदच आहे नं," आई म्हणाली.

बायकोनं पदरात तोंड लपवलं, पण तिचे खांदे हलत होते. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर मी तो वाकडा मासा लव्हाळ्याच्या कडेला टाकला आणि ओढला. काय चालला तो! इकडे झुके, तिकडे झुके, मध्येच पोट दाखवी, चमके, विझे. मीच बघत राहिलो. चाचा बिडी विझवून उभा राहिला. तिसऱ्यांदा ओढला तेव्हा लव्हाळ्यातलं पाणी फुगलं आणि काठी माझ्या हातातून निघून जायला लागली.

मी काय केलं ते विचारू नका. चाचा ओरडत होता, "ढील दे बे, ढील दे," आणि मी विहिरीतून बादली काढावी तसा दोन्ही हातांनी ओढत होतो. पाय घसरला, कमरेएवढ्या पाण्यात बसलो, टोपी वाहून गेली, पण काठी सोडली नाही. शेवटी चाचानं दोरा धरला आणि मरळ काठावर आणून टाकली. हातभर. काळी, चिडलेली, आणि तिच्या जबड्यात माझा पितळी मासा, गुंजेच्या डोळ्यांनी बाहेर बघत. चाचा म्हणाला, "तोंड तिकडं कर." मी आज्ञाधारकपणे बीबीकडं तोंड करून उभा राहिलो. आनंदानं मला रडू येत होतं, आणि ओल्या कपड्यात ते कोणाला कळण्यासारखं नव्हतं.

चाचाला शेपटीकडचा तुकडा देऊ केला. तो म्हणाला, "पह्यले तिले जेऊ दे."

आमच्या घरात मासा-मटण मागच्या अंगणातल्या चुलीवर शिजायचं. आईनं तीन दगड मांडले, खोबरं भाजलं, लसूण ठेचला. लालभडक रस्सा आणि ज्वारीची भाकर. बायकोला आधी वाढलं. आईनं चूल फुंकायचं थांबवलं. वडील त्या दिवशी ताट घेऊन मागच्या अंगणात येऊन बसले होते, म्हणे दुकानात डास आहेत. भरदुपारी. मी उभाच. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं आणि सगळे तिच्याकडेच बघत होते.

तिनं भाकर कुस्करली, रस्सा घेतला, सावकाश जेवली. काटे ताटाच्या कडेला नीट लावून ठेवले. ताट निपटून पुसलं. मग एकदम उठली आणि मोरीकडे गेली.

आईनं डोळे मिटले. वडिलांचा घास हातातच राहिला. मोरीतून पाणी पडल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि आईला म्हणाली, "आत्याबाई, भाकर उरली का?"

उरली नव्हती. आईनं मोजून केली होती, तिला कुठं वाटलं होतं की ही मागेल. वडिलांनी आपल्या ताटातली दुसरी, अख्खी भाकर उचलली. आईकडे बघितलंसुद्धा नाही. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, तेव्हापासून पहिल्यांदा ते सुनेशी थेट बोलले.

"घे बाई, माही घे," ते म्हणाले. "अन् तो मासा आण इकडं, सरळ करून देतो."

"नका करू, मामाजी," ती घास तोंडात घालता घालता म्हणाली. "मले परवा अजून पाहिजे."