साखरपुड्याची संत्रा बर्फी

नातीनं फज, म्हणजे विलायती बर्फीच, आणलं. चॉकलेटचं, कॉफीचं चाखून संत्र्याचा तुकडा जिभेवर ठेवला अन् मी थेट कळंबच्या मिठाईच्या दुकानात पोचले.

माझ्या साखरपुड्याची बर्फी घ्यायला बाबांसोबत गेले होते. दुकानदार चवीला तुकडे देई अन् ही हावरट नवरी खव्याची, नारळाची, संत्र्याची, पुन्हा संत्र्याची खातच सुटली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "लगन कोनाचं हाय, पोरी?"

"माहंच," मी भरल्या तोंडानं म्हटलं.

बाबांचा चेहरा पडला. "तुही सासू हाय थे," ते माझ्या कानात पुटपुटले. मला पाहायला फक्त पुरुष आले होते. ही माझी होणारी सासू, हे मला कुठून ठाऊक? आता लग्न मोडतं म्हणून हातातला तुकडा मी हळूच परत ठेवला.

"संत्र्याचीच घ्या, इवाई," त्या आपल्या व्याह्यांना शांतपणे म्हणाल्या. "सुनेले आवडून राह्यली."

तेव्हा मी लाजेनं मेले. आता हसू येतं. सासूबाईंच्या पदरावरही संत्रा बर्फीचाच चुरा होता.